सतराची एक ओळ जास्त

— ऊन असंच होतं हो बाई त्या दिवशी, दारातल्या फरशीवर पाय टेकला की चटका — या ना आत, ती नको, ही खुर्ची घ्या, तिचा एक पाय डुगडुगतो — दोष खुर्चीचा बरं का, फरशी सरळ आहे, मी बसवलीय. चाळीस वर्षं तेच केलं. शाळा? पाहिली ना, तीन शाळा पाहिल्या — तिन्हींच्या फरश्या माझ्या हातच्या. तुम्ही गणित शिकवायला उभ्या राहता ना, तीसुद्धा.

तर त्या उन्हात नात घरी आली ती रडतच. पेपरावर तुमचं लाल शून्य, शेजारी लिहिलेलं — 'उत्तर बरोबर, रीत नाही, कॉपी.' तीन दिवस झाले, शाळेचं नाव काढत नाही. तुमच्यावर राग नाही हो माझा. एकापुढची एक अशा दोन संख्या, गुणाकार तीनशे सहा — एवढंच ना? पण तुम्ही मध्ये तो एक्स आणता. कोण, कुठला, घरदार ठाऊक नाही, आणि त्याचा म्हणे वर्ग करा! मग ते वर्गसमीकरण, त्याची दोन उत्तरं, त्यातलं एक उणे अठरा — ते टाकून द्यायचं. टाकायचंच, तर काढायचं कशाला? उणे अठरा फरश्यांची ओळ बसवली असती, तर घरमालकानं मलाच उणे केलं असतं!

आमचं साधं असतं. खोली चौरस नाही, एक ओळ जास्त आहे — तर आधी तीनशे सहात मावेल तो मोठ्यात मोठा चौरस धरायचा. सतरा सतरा दोनशे एकोणनव्वद — तसं नाही म्हणत तुम्ही? बरं, सतरा गुणिले सतरा — त्यावर सतराची आणखी एक ओळ, झाल्या तीनशे सहा. सतरा आणि अठरा. कॉपी कसली, चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्याजवळ बसून फरश्या मोजतेय ती.

मग लिहिलं का नाही? — पाणी देऊ थोडं? — नको... बरं. मीच म्हणालो होतो तिला, पेपराच्या आदल्या दिवशी. फरश्यांचं काही लिहू नकोस बाळा, हसतील, फरशीवाल्याची नात म्हणतील. ऐकणारी पोर. ऐकलं तिनं.

आज सकाळी हे शेजारच्या म्हाताऱ्या पोस्टमनला सांगितलं. तोंडानं फटकळ, पण आलेलं पत्र कधी दाबून ठेवलं नाही त्यानं. चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं नि म्हणाला, "लाज तुझी, आणि शून्य पोरीला होय रे?"