ओल्या नळीचा आकडा

मी, गेटवर सगळे 'मास्तर' म्हणतात तो, वय २३ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा गोदामाच्या गेटवर नोंदवही लिहिणे, राहणार गोदामामागील चौथी खोली, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील ठिकाणी मी दोन वर्षांपासून कामास आहे. आत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावणे, आकडा मोठ्याने पुकारणे व वहीत लिहिणे हे माझे काम आहे. आकडा तीसच्या वर गेला तर गाडी आत घेत नाहीत. फुंकायच्या नळ्या पुरत नाहीत, म्हणून तीच नळी स्पिरिटने पुसून पुन्हा लावतो. पुसल्यावर ती दहा मिनिटे वाळू द्यावी लागते, नाहीतर मशीन स्पिरिटचाच आकडा दाखवते.

आज सकाळी ११.१० वाजता ट्रक मागे घेतला जात असताना ट्रक व माल उतरवायचा धक्का यांच्यामध्ये एक हमाल सापडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. ट्रकचे ड्रायव्हर साठीचे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. ८.०५ वाजता आत येताना त्यांचा आकडा शून्य होता.

सदर हमालाचा भाऊ आमचा मुकादम आहे. तो म्हणाला, "तीन तास आत बसून ढोसली असेल. मास्तर, फुंकायला लाव त्याला." नळी मी नुकतीच पुसली होती. थांबा म्हणायला हवे होते, म्हणालो नाही. आकडा ९६ आला. सवयीप्रमाणे मी तो पुकारला व वहीत लिहिला.

मामा म्हणाले, "पोरा, चहाशिवाय पोटात काही नाही रे. परत बघ."

मी म्हणालो, "मशीनचं तुमच्याशी वैर नाही, मामा."

मुकादमाने पहार उचलली. पहिला घाव खांद्यावर व दुसरा तोंडावर बसला. मामा पडल्यावर पाच-सहा हमालांनी त्यांना छातीत व पोटात लाथा घातल्या. एकजण मला म्हणाला, "मास्तर, आता फटके पुकार."

मी केबिनमध्ये जाऊन तीच नळी स्वतः फुंकली. आकडा ७१ आला. मी दारू पीत नाही. बाहेर येऊन "मशीन चुकलंय" असे मी सांगितले. ते हळू सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले नाही.

११.३० वाजता मारहाण थांबली. मी कोरडी नळी लावून मामांच्या तोंडाशी धरली. त्यांना फुंकता आले नाही. नळीत रक्त आले. म्हणून वहीत ९६ नंतर त्यांचा आकडा नाही. ११.५० वाजता ते वारले.

पोलीस येण्यापूर्वी मुकादम मला म्हणाला, "वहीत तुझ्याच हातचं शहाण्णव आहे. तेवढं बोल, बाकीचं गिळ." अक्षर माझेच आहे. त्याखाली मी माझे ७१ लिहिले आहेत, तेही पाहावेत. मामांच्या मुलीला कोणीतरी फोनवर, वडील पिऊन होते, असे कळवले आहे. ते खरे नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी 'मद्यधुंद चालक' असे आले होते. ते मी खोडायला लावले व दोन्ही ठिकाणी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.