रांगोळीतले सहा डबे

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" – आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही, मजेत आहे!" – तर औषध मिळेल का? हसू नका! देवापुढं आपण रोज हेच करतो. कसं, ते ऐका.

कुसळवाडी नावाचं गाव. बाजारतळावर सहा कचराडबे – लोखंडी, तळ पार गंजून गेलेला! माणसांनी वरून टाकायचं, कुत्र्यांनी खालून ओढायचं. आणि सकाळी हातानं गोळा कुणी करायचं? शेवंताबाईनं. पंचायतीची झाडूवाली ती. गेल्या साली फुटक्या बाटलीनं तिचा उजवा तळहात चिरला. सात टाके! तेव्हापासून दोन बोटं मिटत नाहीत.

पंचायतीकडं पैसा नाही. ग्रामसेवकानं खूप शोधाशोध केली, तेव्हा जिल्ह्याला एक अनुदान सापडलं – झाकणाचे, चाकांचे नवे डबे! अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा लागला. अट एकच, जिल्ह्याच्या अधिकारी मॅडम येऊन जुने डबे बघणार. शेवंताबाईला वाटलं, सुटले बाई!

पण सरपंच यशवंतअण्णांनी दवंडी दिली – "मॅडम येनार! गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय!"

झालं! पाहुणा येणार म्हटलं की आपण काय करतो? सगळा पसारा कॉटखाली! गाव कामाला लागलं. डब्यांच्या तळाला पत्रे ठोकले, हिरवा रंग मारला, भोवती रांगोळी, वर झेंडूच्या माळा! आणि आधी ते डबे घासले कुणी? शेवंताबाईनंच की हो!

मॅडम आल्या. पोहे झाले, शाल-श्रीफळ झालं. डब्यांपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "वा! डबे तर छान आहेत. इथं गरज दिसत नाही. पुढच्या गावाला देऊ."

आणि अण्णा काय म्हणाले? "आपली कृपा, मॅडम!" – अहो, कसली कृपा?

शेवंताबाई मागं उभी होती, हात पदराआड. पाहुण्यांना दिसायला नको, असं अण्णांनीच बजावलेलं. तिला उद्याची सकाळ दिसली, परवाची दिसली. पुढं आली, पहिला डबा आडवा केला आणि तळाच्या पत्र्यावर टाच हाणली! पत्रा खणखणत रस्त्यावर.

"मॅडम, ह्यो रंग कालचा हाय. आन् ह्यो हात गेल्या सालचा!"

अण्णा तडकले, "शेवंते, गावाची लाज काढलीस!"

"लाज तुमची, अण्णा. हात माझा हाय."

मॅडमनी तो हात हातात घेतला, बोटं मिटवून बघितली. मिटली नाहीत. मग वाकून सहाही डब्यांचे तळ बघितले आणि कागदावर लिहिलेलं 'गरज नाही' खोडलं. दोन महिन्यांनी नवे डबे आले. नारळ अण्णांनी फोडला, फोटोतही अण्णाच! असू द्या.

आता तुमचं बघू. अंघोळ करून आलात, कपाळाला बुक्का, हातात फुलं – फार छान! पण तळाचं काय? भावाशी तीन वर्षं अबोला, सुनेला रोजचा टोमणा, त्यावर पत्रा ठोकून आलात ना? आणि मागता काय, तर कृपा! देव बघायला येतो हो, नक्की येतो. रांगोळी बघतो, माळ बघतो, आणि म्हणतो, "यांचं छान चाललंय, इथं गरज दिसत नाही." – आणि जातो पुढच्या घरी.

तेव्हा डोळे मिटा. आपण कुठं पत्रा ठोकलाय ते बघा, आणि ज्याचा त्यानं काढा. टाळकरी तोवर थांबतील.