साइडकारमधला तुरेवाला

आणि वर मलाच म्हणतो, "काका, घरी बसा ना!" मला! चालत्या गाडीवरून, मागे वळून, एक हात हवेत नाचवत! अहो, चूक त्याची, धक्का त्याचा, आणि घरी कोणी बसायचं? मी! तुम्हाला सांगतो, मी तसा शांत माणूस आहे, कुणालाही विचारा, आमच्या दवाखान्यात विचारा, एकतीस वर्षं लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालतोय, लोक बोंबलतात, चावतात, एका बाईंनी तर प्लास्टर वाळेपर्यंत माझा कान पिरगळून धरला होता, मी ब्र काढला नाही. पण त्या सकाळी मी ठरवलं, हा माणूस मला सापडला पाहिजे. बस्स!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच तापलाय.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर दरवर्षी मोटरसायकलच्या शर्यतींचा मेळा भरतो. चार दिवस. शर्यती कुंपणाच्या आत, गोल रस्त्यावर, जागोजागी झेंडेवाले, वळणावळणाला टायरांच्या भिंती, दोन रुग्णवाहिका कायम तयार... तिथे फारसं कुणाला काही होत नाही हो! होतं ते बाहेर, बघायला येणाऱ्यांना! आत शर्यत चाललेली, आणि हे बाहेरच्या रस्त्यावर, जिथे दुधाचे टँकर आहेत, शेळ्या आहेत, सायकलवरून पाव आणायला निघालेली माणसं आहेत, तिथे हे हँडलवर पालथे पडून सुसाट! अरे, कुणाला हरवतोयस? त्या शेळीला? तुझ्या खिशात तिकीट आहे बाबा, तू प्रेक्षक आहेस, प्रेक्षक!

तर अशांसाठी मेळ्यात दवाखान्याचा एक तंबू असतो, आणि त्या तंबूत मी.

आता माझी गाडी कोणती, तर स्कूटर, आणि तिला डाव्या अंगाला साइडकार. एका चाकाचा पाळणाच म्हणा ना. एरवी त्यात आमची ही बसते, मांडीवर पर्स, डोक्याला हेल्मेट, आणि मला सांगत असते, "पुढे खड्डा आहे... आला खड्डा... गेला खड्डा." त्या दिवशी तिची बहीण आली म्हणून ती घरी राहिली, आणि तिच्या जागेवर मी प्लास्टरची बादली आणि कापसाचं पोतं ठेवलं होतं. हे लक्षात ठेवा. तिच्या जागेवर.

घाटातलं ते खाणीजवळचं वळण. डावीकडे दगडी भिंत, उजवीकडून समोरची वाहनं. मी आपल्या कडेने, आपल्या बेताने. आणि एवढ्यात हा... डावीकडून! अहो, डावीकडून! भिंत आणि साइडकार यांच्यामध्ये जेमतेम कुत्रं जाईल एवढी जागा, तिथून याने फटफटी घातली! हेल्मेटवर लाल तुरा, कोंबड्यासारखा, वाऱ्यावर फडफडतोय. हँडल लागलं साइडकारला, खाड! बादली उडाली, मी स्कूटरसकट फेकला गेलो उजवीकडे, आणि समोर टँकर! तुम्हाला सांगतो, त्या टँकरच्या ड्रायव्हरचे डोळे मी पाहिले. त्याने स्टिअरिंग ओढलं, मी हँडल ओढलं, आणि तो गेला, हातभर अंतरावरून गेला. मी कडेला थांबलो, आणि पुढून हा मागे वळून, "काका, घरी बसा ना!"

मी साइडकारकडे पाहिलं. तिची कोपर टेकवायची जागा आहे ना, तिथेच पत्रा आत गेला होता. बशीएवढा. रोज तिथे तिची कोपर असते हो.

मी तसा शांत माणूस आहे. पण तंबूत पोचलो तो काय करायचं ते ठरवूनच. मी म्हटलं, हा येणार. आज ना उद्या, या तंबूत येणार, असली माणसं शेवटी माझ्याकडेच येतात! आणि आला की मी असं प्लास्टर घालीन, असं घालीन, की नाक खाजवायला माणूस ठेवावा लागेल! प्लास्टरवर मोठ्या अक्षरांत लिहीन, "मी डावीकडून घुसलो." त्याच्या आईला फोन लावीन! सकाळभर माझं तेच. एकजण घोटा घेऊन आला, मी आधी त्याचं हेल्मेट पाहिलं. तुरा नाही. पुढचा! एकीचा अंगठा. तुरा नाही. पुढचा! आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, रुग्ण तपासताय की हेल्मेटं?" मी म्हटलं, "दोन्ही, बाई, दोन्ही!"

आणि दुपारी... आला! दोन मित्रांनी धरून आणला, डावं मनगट सुजून भोपळ्याएवढं, आणि काखेत हेल्मेट. लाल तुरा! मोडून एका बाजूला कललेला! मला असा आनंद झाला म्हणून सांगू, लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही. आणि पडला कुठे, तर पार्किंगमध्ये! उभ्या गाड्यांमध्ये! आइसक्रीमच्या रांगेतल्या मुलींना पुढचं चाक उचलून दाखवत होता, चाक उचललं गेलं आणि हा मागच्या मागे सांडला. मित्र म्हणाले, "येतो हां, शेवटची शर्यत आहे," आणि पळाले.

मला त्याने ओळखलंच नाही. पांढऱ्या डगल्यात कोण ओळखतो हो? पाणावलेल्या डोळ्यांनी मला म्हणतो कसा, "काका... दुखेल का हो?"

काका!

मी म्हटलं, आता घेतो बघ तुला. पट्ट्या भिजवल्या, दात-ओठ खाल्ले, हात पुढे केला... आणि तुम्हाला सांगतो, हात ऐकेचनात! डोकं म्हणतंय आवळ, आणि हात आपले कापूस सारखा करतायत, बोटं मोकळी ठेवतायत, कड मऊ करतायत. एकतीस वर्षांची खोड! असं सुबक प्लास्टर झालं की डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा! आज अगदी मन लावून घातलंत." आणि त्याच दमात म्हणाल्या, "हे तात्पुरतं आहे, शहरात नेऊन हाडाचा एक्स-रे काढायला हवा. रुग्णवाहिका शर्यत संपेपर्यंत हलवता येत नाही. तुम्ही निघालाच आहात, न्याल का साइडकारमधून?"

मी तसा शांत माणूस आहे, पण मी इतक्या शांतपणे "हो" म्हटलं, की माझं मलाच भय वाटलं.

बसवला त्याला तिच्या जागेवर. गुडघे हनुवटीला, गळ्यात झोळी, डोक्यावर तो मोडका तुरा. साइडकारमध्ये बसलात कधी? बसू नका. ट्रकची चाकं डोळ्यांसमोर येतात, डोक्याइतक्या उंचीवर. घाट सुरू झाला, आणि मी कान पिळला. स्कूटरचा हो! पस्तीस. अडतीस. उजव्या वळणाला साइडकारचं चाक दरीच्या कठड्याकडे नेलं, अगदी कठड्याकडे, आणि खालून पहिला आवाज आला, "काका..." मी ऐकलं नाही. चाळीस! "काका, हळू!" अहाहा! काय गोड आवाज! "काका, कठडा! काका, कठडा आहे हो!" मी ओरडून विचारलं, "ओळखलंस का हे वळण? सकाळी इथेच कुणाला घरी बसवलंस?" त्याने वर पाहिलं. मग शेजारी पत्र्यातला खड्डा पाहिला. आणि चेहरा असा उतरला... त्याला कळलं! मला वाटलं, झालं, जिंकलो, आता थांबावं. पण थांबवतोय कोण? रागाला ब्रेक असतात का? घाट उतरलो, खालची वस्ती आली, वेगाची पाटी पंचवीस, माझा काटा बेचाळीस. बेचाळीस! माझ्या उभ्या आयुष्यात नाही गेलो!

आणि समोर, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, एक म्हातारा.

काठी टेकत, अर्ध्यावर आलेला. त्याच्या कोपराला धरून वाहतूक पोलीस बाई. मी दोन्ही ब्रेक दाबले, स्कूटर आडवी झाली, साइडकार उचलली गेली, खालून हा किंचाळला, आणि आम्ही थांबलो. हातभर अंतरावर. म्हातारा नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ते डोळे... अहो, सकाळी त्या टँकरवाल्याने माझ्या चेहऱ्यावर जे पाहिलं असेल ना, तेच मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्याकडे बघून! माझ्याकडे! मी उतरलो, "आजोबा, चुकलं" म्हटलं.

पोलीस बाई शांतपणे आल्या. हातातलं वेग मोजायचं मशीन बघितलं, मला बघितलं, माझे पांढरे केस बघितले. "काय घाई होती?" मी काय सांगू? सूड होता म्हणून सांगू? तेवढ्यात साइडकारमधून हा, झोळीतला हात सावरत, म्हणतो कसा, "बाई, सांभाळून घ्या हो, माणूस चांगला आहे. वय झालंय त्यांचं!"

वय! तुम्हाला सांगतो, मी तसा...

जाऊ दे.

बाई म्हणाल्या, "आधी पेशंटला पोचवा, आणि वीसच्या वर जाल तर बघा. उद्या सकाळी नऊला शाळेच्या हॉलमध्ये सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग आहे. बेदरकार चालकांसाठी. हजर राहायचं." बेदरकार! मी! चिठ्ठीवर छापलंय तसं. घरी दाखवली तर आमची ही तासभर हसली, आणि मग पत्र्यातला खड्डा पाहून तासभर बोलली नाही.

पण ते नंतर. तिथून निघालो वीसने. बऱ्याच वेळाने खालून बारीक आवाज आला, "काका, इथे... रोज कोण बसतं?" मी म्हटलं, "बायको." तो खड्ड्यावरून चांगला हात फिरवत राहिला, वेड्यासारखा.

आणि तेवढ्यात मेळा सुटला. मागून आली की हो सगळी वरात! घर्र, घुर्र, डावीकडून, उजवीकडून, एकजण तर अगदी साइडकारला घासून, भोंगा वाजवत! मी तोंड उघडणार, एवढ्यात हा साइडकारमध्ये अर्धा उभा राहिला, प्लास्टरचा हात झोळीतून काढून हवेत उगारला, आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "ए शहाण्या! रस्ता काय बापाचा आहे का? काकांचं वय बघ जरा!" मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला. वीसच्या वेगाने, अख्खा रस्ताभर! मी म्हणतोय, "अरे खाली बस, हात खाली घे, सूज चढेल," पण ऐकतोय कोण?

आता तुम्हीच सांगा... माझ्याच बाजूने भांडणाऱ्या माणसावर मी सूड उगवू तरी कसा?