आमची पिचर लातूरकरांनी नेली

शीतलचा ग्लोव्ह बाकावर होता, शीतल नव्हती. आमच्या नांदेडच्या बेसबॉल टीमची ती गेल्या सीझनची बेस्ट पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. लातूरच्याच मैदानात त्यांच्याशी फायनल तोंडावर, अन् दुसरी पिचर आमच्याकडं नाहीच.

टीममधली कीर्ती म्हणाली, "लातूरच्या त्या नंबर वन हिटरनं तिला घरी नेलंय. तिच्या आईनं जेवायला बोलावलं म्हणं."

"अगं, गेल्या वर्षी शीतलनंच तिला आउट करून रडवलं होतं!"

"तेच तर!"

माझ्या मनात काय काय येऊन गेलं. शीतलला फोन लावला, तो नुसता वाजत होता. अंपायर मैदानात उतरले, तसा मी घाबरून परत लावला. शेवटी हिटरच्या आईनं उचलला.

"हाव, हितंच हाय. दोघीबी जेवायल्यात. आमच्या पोरीला आउट करणारी पोरगी पाव्हणी आली, तिला उपाशी धाडू का? आमरस वाढायचाय अजून. तंवर तुमचं चालू करा!"