डावा बूट आणि सव्वीस नगांची पेटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष डॉ. लोटार ब्रेंगले, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो त्या आपल्या रोझविथाबाई, आमच्या स्वयंदुरुस्ती मंडळाचे सभासद, आणि मागच्या टेबलावरच्या बटाट्याच्या कोशिंबिरीवर मघापासून डोळा ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो! मी एगोन, चीजवाला. दर शनिवारी तुम्ही माझ्याकडे चव बघायला म्हणून चार तुकडे खाता आणि शेजारच्याकडून विकत घेता. तरीही आज बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल अध्यक्षांचा ऋणी आहे.

रोझविथाबाई एकतीस वर्षं आपली कार्यशाळा सांभाळून आता ब्रेमेनला लेकीकडे निघाल्या. कार्यशाळेत आपली गाडी आपणच दुरुस्त करायची; गाडी उचलायचं यंत्र ताशी भाड्याने मिळतं, पण खास हत्यारं फुकट मिळतात. परगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, फुकट म्हणजे डावा बूट ठेवून. हत्यार न्या, बूट खुंटीला लावा. हत्यार परत आलं की बूट परत. हा बाईंचा नियम. पाद्रीसाहेबांनी एका शनिवारी बेअरिंग ओढून काढायचं हत्यार नेलं, आणि रविवारी चर्चमध्ये एका पायात बूट, एका पायात सपात घालून संयमावर प्रवचन दिलं. हसताय काय पाद्रीसाहेब, मी पहिल्याच बाकावर होतो!

या नियमामुळे आपल्या गावाला एक खोड लागली. आपण श्वाबेनची काटकसरी माणसं, मोजा फाटला म्हणून फेकणार थोडेच? धड असलेला मोजा डाव्या पायात आणि भोकाचा उजव्या पायात. नाही म्हणू नका, तुमचे पाय मला ठाऊक आहेत.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या डिझेल व्हॅनची टायमिंग चेन वाजायला लागली. सकाळी गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. चेन एक दाता जरी सरकली, तरी आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या उरावर बसतात आणि इंजिन भंगारात जातं. बाजाराचे दोन शनिवार माझे आधीच बुडाले होते. तिसरा बुडाला की बाजार समिती जागा दुसऱ्याला देते. माझ्या आजोबांपासूनची जागा, कारंज्याशेजारची. मोठ्या गॅरेजने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी घरी येऊन चक्क आडवा झालो.

म्हणून मंगळवारी कार्यशाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "चेनच्या हत्यारांची पेटी इथे आहे. काढ बूट आणि घेऊन जा." मी वाकलो, आणि आठवलं की सकाळी अंधारात मोज्यांची अदलाबदल झाली आहे. समोर अर्धं मंडळ कॉफी पीत उभं. आजचे आपले अध्यक्षही त्यात होते, तेव्हा ते निवडणुकीला उभे होते आणि सगळ्यांकडे फार प्रेमाने बघत. मी ताठ झालो आणि म्हणालो, "नको बाई, माझ्याकडे स्वतःची आहे!"

नव्हती, अर्थातच. घरी येऊन जगातली सगळ्यात स्वस्त पेटी मागवली. सव्वीस नग, वर टोपी फुकट! गुरुवारी सकाळी आली. त्यातले एकोणीस नग दुसऱ्याच कुठल्या गाड्यांचे होते. टोपी मात्र बरोबर बसली.

क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जागेवर धरायची पिन लावली आणि तिच्याच भरवशावर क्रँकचा मोठा बोल्ट सोडवायला दीड मीटरचा पाइप घेऊन लोंबकळलो. बोल्ट जागचा हलला नाही. पिन मात्र आतल्या आत वाकून अडकून बसली. ना पुढे, ना मागे! मी त्या फुकटच्या टोपीत तोंड लपवून गॅरेजात बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. शेवटी आमच्या बायकोने, हेडविगने, माझी लाज गुंडाळून ठेवली आणि बाईंना फोन केला.

बाई सायकलवरून आल्या. मागे पेटी बांधलेली. गाडीखाली शिरल्या, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, "एगोन, ही पिन कुठल्या दुकानातली? लोण्याच्या?"

दोन तास लागले. पिन निघाली, आतलं भोक शाबूत होतं, हे माझं नशीब. मग बाईंनी माझे सव्वीस नग ओट्यावर पसरले. म्हणाल्या, "पिन फक्त जागा दाखवायला असते, गाढवा. जोर घ्यायला वेगळं हत्यार असतं. नुसता टेकू द्यायचा असेल, तर स्वस्तातलं घे, घरातलं काहीही घे. जिथे जोर येणार, तिथे कंजूषपणा करू नकोस. आणि तेही परवडत नसेल तर मागून ने, विकत कशाला घेतोस?"

आणि नुसतं बोलून थांबल्या नाहीत. चेनचा ताण धरणारा भाग दाबून ठेवायला एक बारीक काडी हवी होती. माझ्या पेटीतली जाड निघाली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, हेडविगच्या हातातल्या विणकामातली एक सुई उपसली आणि भोकात घातली. फिट्ट!

"अगं बाई, माझा मोजा उसवला!" हेडविग ओरडली.

"कुणाचा आहे?"

"ह्याचाच की!"

"मग उसवू दे," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी चेन बसली. मी किल्लीकडे हात नेला, तर बाईंनी फटका मारला. आधी हाताने दोन पूर्ण फेरे, मगच किल्ली. एक फेरा झाला. दुसराही झाला. चेनच्या चाकांवरच्या खुणा जुळल्या. "पुन्हा फिरव," बाई म्हणाल्या. पुन्हा जुळल्या. मग गाडी सुरू केली, आणि चेनचा आवाज नाही! शनिवारी सकाळी सहाला मी कारंज्याशेजारी माझ्या जागेवर उभा होतो. आजही आहे.

हात धुताना बाईंनी विचारलं, "आता खरं सांग. बूट का नाही काढलास?" मी काढून दाखवला. मंगळवारपासून तेच मोजे, अंगठा बाहेर! त्या म्हणाल्या, "भोक मोज्याला होतं ना? तू ते इंजिनाला पाडायला निघाला होतास." आणि ही गोष्ट त्यांनी अकरा वर्षं कुणालाही सांगितली नाही. आज मीच सांगतो आहे.

मंडळी, या गावातल्या अनेक घरांचा जोर बाईंनी घेतला आहे. आम्ही सगळे नुसत्या पिना. त्या गेल्यावर कार्यशाळेचं कसं होणार, मला माहीत नाही. मला भीती वाटते, आणि ती बोलून दाखवायची आज लाज वाटत नाही.

म्हणून मंडळाने एकमताने ठराव केला आहे. आम्ही बाईंना ब्रेमेनला देत नाही. उसन्या देतो आहोत. आणि नियम म्हणजे नियम! ही नवी खुंटी, ही भिंतीवर रंगवलेली बुटाची आकृती. रोझविथाबाई, डावा बूट काढा. बूट हवा असेल तर परत यायचं. अहो, मान काय हलवता? एकतीस वर्षं आम्ही काढले! अध्यक्षमहाराज, जरा आधार द्या त्यांना... हां, सुटली नाडी...

अरे देवा! मंडळी, बघा! अंगठा!

बाई, तुमचासुद्धा?

असो. असो. अध्यक्षांचे, पाद्रीसाहेबांचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात जीभ कुठे एखादा दाता पुढे सरकली असेल, तर सांभाळून घ्या. आणि हेडविग, पिशवीतल्या सुया काढ. बाईंची गाडी पाचला आहे, आणि ब्रेमेनला थंडी फार असते.