शीड उतरवण्याची सोय

उद्धव : नाही खुशालराव, एवढा जोर लावायचा नाही. आधी ती गाठ सोडा. सुटली? आता हा बारका दोर धरा आणि खाली ओढा.

खुशालराव : हा?

उद्धव : तोच. एका हातानं.

खुशालराव : घ्या. ओढला.

(शीड डोलकाठीवरून सरसरत खाली येऊन नावेत गोळा होतं.)

उद्धव : बघितलंत? सगळा हिवाळा यातच घालवला मी. पूर्वी कापडाची कड डोलकाठीला सुती दोरीनं गुंफलेली होती. ती भिजली की फुगायची आणि काठीला आवळून बसायची. आता तिच्या जागी पितळी कड्या आहेत. काठीला मेण चोळलंय. वरची कप्पी बदलली. आणि उतरवायला हा वेगळा दोर. उद्या नावेत अगदी अनाडी पोरगा असला तरी शीड अडकणार नाही.

दुर्गाबाई : अनाडी कोन होता साहेब? आमचा सुखदेव?

उद्धव : छे. सुखदेवबद्दल नाही म्हटलं मी, दुर्गाबाई.

खुशालराव : मंग धर्मपालबद्दल म्हटलं. नावेत दोघंच होते.

उद्धव : सुखदेव बुडाला, त्याच्या चौकशीत ते ठरलं. दोर धर्मपालच्या हातात होता, त्याला शीड उतरवता आलं नाही. कॉलेज चालवणाऱ्या मोरोपंत वकिलांसारखा जाणता माणूस समितीवर होता.

खुशालराव : मोरोपंताचा पोरगा नावेत असता, त दोराची चूक निघाली असती. धर्मपाल होता म्हनून मानसाची निघाली. कॉलेजातून काहाडलं त्याले. आता कुठी हाये ठाव हाये तुमाले? मूर्तिजापूरले मालगाडीत रुईच्या गाठी भरून राहिला.

उद्धव : वाईट झालं. मला नाही का वाटत? माझाच विद्यार्थी होता तो. पण मी तुम्हाला अमरावतीला बोलावलं ते दुसऱ्या कामासाठी. येत्या पंधरा ऑगस्टला नौका मंडळ पुन्हा सुरू करायचं आहे. गेल्या वर्षीपासून तलाव बंद आहे. वरून सांगणं असं आलंय की मुलाच्या आईवडिलांची हरकत नसेल तरच नाव पाण्यात जाईल. आम्ही नावेला सुखदेवचं नाव देणार आहोत. शीड तुम्ही चढवायचं. मंडळाची तशी इच्छा आहे.

खुशालराव : म्हंजे आमी दोर ओढला की तुमचा तलाव मोकळा.

उद्धव : असं तोडून बोलू नका हो. मी मुंबईला शिकलो, तिथं समुद्रावर शीड चालवायला शिकलो. इथल्या पोरांनी विहिरीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं. त्यांनाही ते मिळावं एवढंच होतं माझ्या मनात. सुखदेवला मी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला.

दुर्गाबाई : मले मालूम हाये. सुटीत घरी आला की बापाचं धोतर दोन काठ्याईले बांधे अन् तुरीच्या वावरात उभा राहे. म्हने, माय, हे पाह्य, वारा माह्या हातात आला. मी म्हनो, धोतर फाडशीन मेल्या.

उद्धव : त्याचा हात चांगला होता. खरंच सांगतो.

दुर्गाबाई : चढवा एकदा.

उद्धव : काय?

दुर्गाबाई : थे कापड. थ्या दिवशी मी आली नव्हती. बायाईले बलावनं नव्हतं. मले पाह्याचं हाये, वर गेलं की कसं दिसते.

उद्धव : चढवतो की. नाव काठाला चिखलात रुतवलीय, हलणार नाही. हे बघा, वर जातानाही किती हलकं जातं. कड्यांमुळे. आता इथं गाठ मारली. झालं.

दुर्गाबाई : पांढरंच हाये.

उद्धव : हो. नवं कापड आहे.

दुर्गाबाई : थ्या दिवशी तीन रंगाचं होतं म्हनत.

उद्धव : ती मोरोपंतांची कल्पना. स्वातंत्र्यदिन, मोठे पाहुणे येणार, म्हणून शीड तीन पट्ट्यांचं शिवून घेतलं. घडी घालताना आत फुलं ठेवली होती.

खुशालराव : मी होतो ना मंडपात. मांगच्या रांगेत. पाहुन्यानं इथीच काठावर दोर ओढला, कापड वर गेलं, फुलं पडले, बेंड वाजला. मीबी उठून सलाम केला. अमरावतीले शीड कोनं पाह्यलं होतं साहेब? काठीवर कापड चढलं अन् फुलं पडले, म्हंजे झेंडा. सगळ्या मंडपाले झेंडाच दिसला. पोट्ट्याईलेबी झेंडाच दिसला असन. आता मले सांगा, झेंडा मधातच उतरवता येते काय?

उद्धव : तो झेंडा नव्हता. शीड ते शीडच. मी मंडळाला तसं सांगितलंही होतं.

खुशालराव : कवा सांगतलं? वारा सुटला तवा?

उद्धव : आधी. शिवतानाच. त्यांनी हसण्यावारी नेलं.

खुशालराव : धर्मपाल आमच्या घरी आलता, नांदगावच्या मोटरीतून उतरून, उन्हाचा पायी.

दुर्गाबाई : मी त्याले आत चुलीपाशी जेवाले बसवलं. गावातले लोकं बोलले. बोलू दे. माह्या लेकाले शेवटचं त्यानंच पाह्यलं.

उद्धव : काय म्हणाला तो?

खुशालराव : म्हने, तलावाच्या मधात गेलो त आभाळ काळं झालं, भुरभुर पानी आलं. सुखदेवनं म्हटलं, उतरव. दोघंबी लोंबकळले दोराले. वल्लं झालतं, अटकून राहिलं. पन उतरलं. अर्ध्यावर उतरलं साहेब. जड होतं, पन येऊन राहिलं होतं.

उद्धव : समितीपुढे हे तो बोलला नाही.

खुशालराव : बोलला. कोनी ऐकलं नाई. म्हने, अर्ध्यावर आलं तवा सुखदेवनं काठाकडे पाह्यलं. काठावरून एका मानसानं हात हालवला. वर. वर करा. पाहुने बोलून राहिले, तिरंगा खाली येऊन राहिला, लोकं माना वळवून पाहून राहिले. पोट्टे घाबरले. जे कापड जिवावर उदार होऊन खाली आनलं, थे पुन्हा वरपर्यंत ओढून नेलं. मंग वारा आला.

उद्धव : खुशालराव, मुलगा स्वतःला सोडवायला काहीही सांगेल. त्याचं शिक्षण गेलंय.

खुशालराव : सुखदेव पट्टीचा पोहनारा होता. आमच्या विहिरीत वरून उडी घे. थो पान्यानं नाई मेला. नाव उलटली अन् थे वल्लं कापड त्याच्यावर पडलं. खालून निघताच नाई आलं. धर्मपाल दुसऱ्या बाजूले फेकला गेला म्हनून वाचला. हेबी थो स्वतःले सोडवाले सांगते काय?

उद्धव : हाताचं म्हणत होतो मी. काठावर शंभर माणसं होती. कुणीही हात हलवला असेल.

खुशालराव : मी पाह्यला.

उद्धव : काय पाहिलंत?

खुशालराव : हात. मांगच्या रांगेतून. अंगात पांढरा शर्ट, मनगटाले घड्याळ. मोरोपंत वकील तुमच्या कानाशी लागले, मंग तुमी उठले, पान्यापाशी गेले अन् हात वर केला. मले वाटलं, साहेब पोट्ट्याईले शाबासकी देऊन राहिले. मी शेजारच्याले म्हटलं, थो माहा पोरगा. अन् मीबी हात हालवला.

दुर्गाबाई : हे मले सांगतलं नाई तुमी.

खुशालराव : कसं सांगू तुले?

उद्धव : भाषण संपत आलं होतं हो. मला वाटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. पाहुण्यांच्या तोंडासमोर शीड खाली आलं असतं, तर मोरोपंतांनी मंडळ त्याच दिवशी बंद केलं असतं. वारा इतका येईल असं वाटलं नाही.

खुशालराव : समुद्रावर शिकले ना तुमी? थ्या मंडपात वारा समजनारा एकच मानूस होता. अन् त्यानंच हात वर केला.

उद्धव : मी वर्षभर झोपलो नाही, खुशालराव. म्हणून तर हे सगळं केलं. कड्या, कप्पी, हा दोर. पुन्हा कुणाच्या मुलावर ही वेळ येऊ नये.

खुशालराव : दोर सोपा केला, चांगलं केलं. मी नाव ठेवत नाई त्याले. मी येईन पंधरा ऑगस्टले. शीडबी चढवीन. पन पहिले तुमी उभं राहाचं. धर्मपालले बलवाचं, समोर बसवाचं, पाहुन्याच्या रांगेत. अन् हे आता इथी बोलले, थे तिथी बोलाचं. हात कोनाचा होता थे सांगाचं.

उद्धव : सभेत?

खुशालराव : सभेतच मेला ना थो.

उद्धव : माझी नोकरी जाईल. मोरोपंत मला या गावात उभं राहू देणार नाहीत. आणि त्यानं सुखदेव परत येणार आहे का?

खुशालराव : धर्मपाल येईन.

उद्धव : तुम्ही समजून घ्या. एकदा मंडळ सुरू होऊ द्या, मग मी स्वतः धर्मपालसाठी शब्द टाकतो. आतल्या आत. असं चारचौघांत कसं बोलणार?

खुशालराव : काहून? जीभ अटकते? डब्यात मेन उरलं असन त तिलेबी लावा.

दुर्गाबाई : साहेब, वारा सुटून राहिला.

उद्धव : हो, बघतो. खुशालराव, तुम्ही रागात आहात. तुमच्या जागी मी असतो तर मीही असाच बोललो असतो. पण त्याला परत घेणं खरंच माझ्या हातात नाही.

खुशालराव : तुमच्या हातात काय होतं थे मी पाह्यलं.

दुर्गाबाई : कापड फुगलं पाहा. नाव कलून राहिली.

उद्धव : रुतवलेली आहे, काही होत नाही. ऐका खुशालराव, मी मधला मार्ग सांगतो. सभेत मी एवढंच म्हणतो की चूक कुणा एकाची नव्हती. तेवढ्यावर तुम्ही दोर हातात घ्या. पुढचं मी मोरोपंतांशी...

दुर्गाबाई : उतरवा ना थे.

उद्धव : एक मिनिट, दुर्गाबाई. आमचं बोलणं पुरं होऊ द्या.

दुर्गाबाई : तवाबी बोलनंच चालू होतं, साहेब. गाठ सोडा.