गुडघ्याची गोष्ट

जॉर्डनमधल्या जर्का शहरात, निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्याच बाकावर दोघी बसल्या होत्या.

“उम्म फवाझ, सार्जंटसाहेबांचा गुडघा कसा आहे?”

“तसाच. शिडीवरून काय पडले, जन्माचं दुखणं झालं.”

“शिडी कसली गं? सरहद्दीवर ट्रक उलटला ना! तशाच पायाने आमच्या ह्यांना पाठीवर घेऊन तीन कोस चालले.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगतंय कोण! दर शुक्रवारी कॉफीला येतात, दोघांच्या गप्पा आत ऐकू येतात.”

“माझ्याकडे पहिल्याच कॉफीनंतर रिकामा कप हलवून दाखवतात, पुरे म्हणून. तुझ्याकडे?”

“तिसरा झाला तरी कप हलवत नाहीत.”

“घालतेस तरी काय कॉफीत?”

“वेलदोडा. तूही घालतेसच की.”

“बत्तीस वर्षं त्या गुडघ्याला तेल मी चोळतेय, आणि त्याची गोष्ट तुझ्या घरात!”

“अगं, तुला घोर नको म्हणून...”

“त्यांची वकिली तू करू नकोस!”

“बरं बाई. ऊठ, तुझा नंबर पुकारला.”

“जाऊ दे मागचीला. तू सरक इकडे. माझ्या नवऱ्याचं अजून काय काय ऐकलंयस? पहिल्यापासून सांग.”